वर्षभर वाचत राहिलात

आभार मानायला समोर माणूस लागतो. त्याच्याकडे बघून, जमलं तर त्याचा हात हातात घेऊन दोन शब्द बोलता येतात. लिहिणाऱ्याची अडचण अशी की ज्यांचं देणं सगळ्यांत मोठं, तीच माणसं त्याला कधी दिसत नाहीत. मी लिहिते तेव्हा तुम्ही नसता, तुम्ही वाचता तेव्हा मी नसते. मध्ये कधी एक दिवस जातो, कधी कित्येक महिने. वर्ष संपत आलं आणि आभाराचे चार शब्द लिहायला बसले की दरवेळी तोच प्रश्न पुढ्यात येतो. नेमके कुणाचे आभार मानायचे, आणि नेमके कशाबद्दल?

'आपल्या उदंड प्रेमाबद्दल आभारी आहे' हे वाक्य लिहायला सोपं आहे, आणि ते खोटंही नाही. पण त्यात तुम्ही कुठे दिसत नाही. कुणीही कुणालाही म्हणावं असं ते वाक्य आहे. मला म्हणायचंय ते याहून ठोस आहे. तुम्ही वर्षभर माझ्यासाठी कष्ट घेतलेत. वाचण्याला सहसा कुणी कष्ट म्हणत नाही, कारण लहानपणी एकदा अक्षरं लागायला लागली की पुढे आयुष्यभर ती आपोआप वाचली जातात. समोर पाटी आली की ती न वाचणं आपल्या हातात उरत नाही. इतक्या अंगवळणी पडलेल्या गोष्टीमागची मेहनत करणाऱ्यालाही जाणवत नाही. म्हणून आधी तीच सांगते.

एक ओळ वाचताना डोळा काय करतो ते पाहा. आपल्याला वाटतं, नजर ओळीवरून अलगद सरकत जाते. तसं होत नाही. डोळा उड्या मारतो. एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, पुढे उडी घेतो, पुन्हा थांबतो. जे काही वाचलं जातं ते या थांब्यांवर. उडी चालू असताना आपल्याला जवळपास काहीच दिसत नाही, आणि तरी मध्ये काही तुटल्यासारखं वाटत नाही. सराईत वाचकाच्याही दर सात-दहा उड्यांमधली एखादी मागे जाते. निसटलेला शब्द पुन्हा बघायला, वाक्य कुणाबद्दल चाललं होतं ते ताडून पाहायला. लेख जरा मोठा असला, की असे हजार-दोन हजार थांबे सहज होतात.

आपल्या लिपीत तर आणखी काम असतं. 'दिवस' लिहिताना पहिली वेलांटी 'द'च्या आधी काढलेली असते, पण बोलताना 'द' आधी येतो आणि इकार मागून. म्हणजे डोळ्याला जे आधी भेटतं ते जिभेवर नंतर येतं. 'सूर्य'मधला रफार 'य'च्या डोक्यावर बसलेला, उच्चारात मात्र तो 'य'च्या आधी. वाचणारा हा क्रम प्रत्येक वेळी मनातल्या मनात लावून घेतो आणि त्याला पत्ताही नसतो. माणूस लिहायला लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली. एवढ्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा तयार होणं शक्यच नव्हतं. चेहरे आणि वस्तू ओळखणारा जो भाग आहे, त्यातलाच डावीकडचा एक तुकडा सरावानं अक्षरांच्या कामाला लागतो. जन्मतः कुणीच वाचक नसतो. प्रत्येकानं आपल्या मेंदूला ते काम शिकवलेलं असतं, अक्षर गिरवत, बोट ठेवून, अडखळत.

तुम्ही हे सगळं माझ्या प्रत्येक ओळीपाशी केलंत. दिवसभराचं काम आटोपून, प्रवासात, रात्री बाकीचे झोपल्यावर, कधी एका बैठकीत तर कधी तुकड्या-तुकड्यानं. त्यातून काय हाती लागेल याची आगाऊ खात्री कुणी दिलेली नव्हती. वेळ सत्कारणी लागला की वाया गेला हे वाचून झाल्यावरच कळतं, तोवर तो गेलेला असतो, आणि तो परत करण्याची सोय लिहिणाऱ्याकडे नसते. तरीही तुम्ही पहिल्या ओळीवर विश्वास टाकलात आणि दुसऱ्या ओळीकडे वळलात. या विश्वासाचं मोल मला वर्षागणिक जास्त कळायला लागलं आहे. सुरुवातीच्या दिवसांत लेख वाचला जाणं मला साहजिक वाटायचं. आता वाटत नाही. आता शेवटच्या ओळीपर्यंत आलेला प्रत्येक माणूस मला उपकारकर्ता वाटतो, आणि हा शब्द मी तोलून-मापून वापरते आहे.

कष्टांचा दुसरा भाग डोळ्यांच्या मागे होतो. त्याबद्दल यंदाचीच एक गोष्ट सांगते.

या वर्षी एका बंद पडलेल्या खोलीबद्दल लिहिलं होतं. खोलीत मी फार सामान ठेवलं नव्हतं. एक खिडकी, एक लाकडी खुर्ची, आणि भिंतीवर बरीच वर्षं टांगलेलं काहीतरी काढल्यावर मागे उरतो तसा उजळ चौकोन. बस्स. लेख गेल्यावर काही दिवसांनी एका वाचकाचं पत्र आलं. 'ती खुर्ची डावीकडे कलायची ना? पायाखाली कागदाची घडी ठेवावी लागायची.' मी लेख पुन्हा काढून पाहिला. खुर्चीच्या पायांबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. आणखी एका बाईंच्या खोलीत खिडकीतून लांबच्या आगगाडीचा आवाज येत होता. आणि चौकोन? तिथे काय टांगलेलं होतं हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण मलाच ते ठरवायचं नव्हतं. आलेल्या पत्रांत कुणाच्या चौकोनात वडील होते, कुणाच्या चौकोनात धाकटा भाऊ. एका पत्रात आरसा होता, आणि तो का उतरवावा लागला हेही दोन ओळींत लिहिलेलं होतं. ते मी इथे सांगणार नाही. ते त्या माणसाचं आहे.

ही पत्रं वाचल्यावर बराच वेळ मला दुसरं काही सुचलं नाही. मी रिकामी जागा सोडली होती, सामान तुम्ही आपापल्या घरून आणलंत. त्या लेखाबद्दल जे बरं बोललं गेलं ते माझ्या नावावर जमा झालं, पण खोली उभी राहिली ती तुमच्या आठवणींवर. आणि ज्यांनी पत्र लिहिलं नाही त्यांच्याही मनात खुर्ची होतीच की. तिला कुठला रंग होता, तिच्यावर कोण बसायचं, मला कधी कळणार नाही. एकच लेख मी लिहिला आणि वाचले गेले ते कितीतरी वेगवेगळे लेख, हे मला आजही चमत्कारासारखं वाटतं.

ही जाणीव आपल्या भाषेला नवी नाही. १२९० साली ज्ञानेश्वरी सांगताना नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव थांबतात आणि आधी श्रोत्यांशी बोलतात. एकवार अवधान द्या, मग सगळ्या सुखाला पात्र व्हाल, असं सांगतात. आणि लगेच सावरून घेतात की हे मी प्रौढीनं बोलत नाही, तुम्हा सर्वज्ञांच्या सभेत ही माझी सलगीची विनवणी आहे. पुढे चंद्रकांत मण्याचा दाखला येतो. मणी पाझरतो खरा, पण ती किमया चंद्राची, म्हणून श्रोत्यांवाचून वक्ता हा वक्ताच नव्हे. इतक्या थोर माणसाला असं म्हणावंसं वाटलं, तिथे आपण कोण. मात्र मला त्या जागी ज्ञानदेवांचा विनय दिसतो त्याहून जास्त त्यांचा अनुभव दिसतो. समोर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर समजल्याची खूण उमटली की बोलणाऱ्याला पुढचं सुचतं. लिहिणाऱ्याला चेहरे दिसत नाहीत. त्याच्यासाठी ती खूण तुमच्या पत्रांतून येते, उशिरा येते, पण येते. यंदाचे निदान दोन-तीन लेख असे आहेत की ते तुमच्या एखाद्या वाक्यातून सुचले. खोलीवरच्या लेखानंतर वस्तू टाकून देण्याबद्दल लिहिलं, ते त्या आरशामुळेच.

वाचताना डोळा थांबत-थांबत उड्या घेतो असं वर म्हटलं, त्या निरीक्षणाशी एमिल जावाल या फ्रेंच नेत्रवैद्यांचं नाव जोडलेलं आहे. १८७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी वाचनाच्या क्रियेवर लेख लिहिले. अक्षर किती मोठं असावं, ओळ किती लांब असावी, उजेड किती हवा, वाचणाऱ्या डोळ्याला कमीत कमी त्रास कसा होईल, हा त्यांच्या आयुष्यभराचा ध्यास होता. त्याच माणसाची दृष्टी काचबिंदूनं हळूहळू गेली. १९०० च्या सुमारास त्यांना पूर्ण आंधळेपण आलं. खचून बसावं असंच ते होतं. त्यांनी १९०३ साली दृष्टी गमावलेल्या माणसांसाठी एक पुस्तक लिहिलं. दिसेनासं झाल्यावर रोजचं जगणं कसं चालवायचं याच्या व्यवहारी सूचनांचं.

जावाल यांची ही हकीकत मला अधूनमधून आठवत राहते ती एका वाचक बाईंमुळे. त्यांच्या आईला वाचनाचं विलक्षण वेड. गेल्या काही वर्षांत आईची नजर अधू होत गेली आणि आता छापील अक्षर अजिबात दिसत नाही. रात्रीची आवराआवर झाली की लेक आईला मोठ्यानं वाचून दाखवते. तिनं पत्रात लिहिलं होतं, 'तुमची वाक्यं लांब असतात. वाक्य संपायच्या आत माझा श्वास संपतो, मग मी मध्येच थांबते. आई म्हणते, थांबू नकोस, तिला पुरतं बोलू दे.'

तिला पुरतं बोलू दे. मी हे पत्र किती वेळा वाचलं याचा हिशेब ठेवलेला नाही. एक म्हातारी बाई, जिनं मला पाहिलेलं नाही, जिला माझं अक्षरही दिसत नाही, ती माझं वाक्य अर्ध्यावर तुटू नये म्हणून आपल्या लेकीला सांगते. आणि ती लेक, दिवसभर दमलेली, श्वास सावरून उरलेलं वाक्य पुरं करते. मला कुणी विचारलं की तुमच्या लेखनाचा सगळ्यांत मोठा सन्मान कोणता, तर मी हाच सांगेन. त्या दोघींत वाचक कोण? डोळे एकीचे, कान दुसरीचे, अर्थ दोघींचा मिळून. मोठ्यानं वाचणं हे तर दुप्पट काम आहे. नजर आवाजाच्या पुढे धावत राहावी लागते, पुढचा शब्द आधी दिसला तरच चालू शब्दाला योग्य चढ-उतार देता येतो. शिवाय आईला कुठला शब्द कळला नसेल, कुठे ती थबकली असेल, याकडेही लक्ष. माझा लेख त्या घरात पोचतो तो लेकीच्या आवाजातच. तिच्या आवाजात तो माझ्या कागदावरच्यापेक्षा मायाळू होत असणार, याची मला खात्री आहे.

आता नेमानं वाचणाऱ्यांबद्दल. नेमानं वाचणारा म्हणजे सतत वाखाणणारा, असं मी मानत नाही. चांगला जमलेला लेख कुणीही वाचतं, तो स्वतःच आपला वाचक ओढून आणतो. खरा नेम कळतो तो पुढच्या लेखाला. एखादा विषय मनाजोगता उतरत नाही, एखाद्यात वाचणाऱ्याला अजिबात रस नसतो, एखाद्यातलं म्हणणं त्याला पटत नाही, आणि तरी तो पुढच्या वेळी येतो. 'बघू या, आता काय म्हणतेय' एवढ्याच भावनेनं. हे परत येणं मला कौतुकाहून मोठं वाटतं. कौतुक लेखाचं असतं, परत येणं हे माणसावर टाकलेल्या विश्वासातून होतं.

वस्तू टाकून देण्याच्या लेखात मी म्हटलं होतं की जुनी पत्रं जपून ठेवायचा अट्टहास नको, माणूस गेल्यावर ती कुणाच्या तरी डोक्यावरचं ओझं होतात. त्यावर एका ज्येष्ठ वाचकांनी सविस्तर लिहिलं. बायकोच्या पत्रांचा गठ्ठा त्यांनी कसा सांभाळला, लग्नाआधीची पत्रं कोणती आणि नंतरची कोणती हे ते नुसत्या कागदाच्या स्पर्शावरून कसं सांगू शकतात, हे सगळं. शेवटची ओळ अशी होती: 'तुमचं म्हणणं मला मुळीच पटलेलं नाही. पुढचा लेख कधी?' या दोन वाक्यांच्या मध्ये त्यांनी 'तरीही' सुद्धा घातलं नव्हतं. त्यांच्या लेखी त्यात काही विरोध नव्हताच. मतभेदाला नातं तोडण्याचं कारण न मानणारी माणसं आज किती उरलीत? मला ती वाचक म्हणून लाभली आहेत. त्यांच्याशी मी अजूनही सहमत नाही. पण त्यांचं पत्र मी जपून ठेवलं आहे.

या संदर्भात मला रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या वाचकांचा विचार नेहमी येतो. कर्व्यांचा येतोच, त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण मला त्यांच्या वाचकांचा जास्त येतो. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ साली निधन होईपर्यंत जवळजवळ एकहाती चालवलं. संततिनियमन, स्त्रीपुरुषसंबंध, लैंगिक आरोग्य, म्हणजे ज्या गोष्टींबद्दल घरात चकार शब्द काढायची सोय नव्हती त्या गोष्टी ते सरळ शब्दांत मांडत. पैशाची कायमची ओढाताण, समाजाचा रोष, वर अश्लीलतेचे खटले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तो खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून उभा राहिला होता. लोक काय आठवतात, तर संपादकाचं धैर्य. ते होतंच. पण प्रश्न विचारणारा तो वाचक डोळ्यांसमोर आणून पाहा. ज्याला डॉक्टरपुढे तोंड उघडवत नव्हतं, घरच्यांना विचारणं तर दूरच, त्यानं आपल्या अडचणीचं पत्र एका अनोळखी माणसाला लिहिलं. अंक घरात आला तो कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून कुठेतरी दडवला असेल. दर महिन्याला उत्तराची वाट पाहिली असेल. असे वाचक होते म्हणून इतकी वर्षं तो दिवा लागता राहिला. त्या वाचकांची नावं कुठे नाहीत आणि त्यांना ती नकोच होती. एकट्यानं केलेलं काम असं आपण म्हणतो तेव्हा त्यात अशी कितीतरी माणसं असतात.

वर्षाच्या मध्यावर माझं लिहिणं काही आठवडे थांबलं. घरात आजारपण होतं. त्याबद्दल सविस्तर लिहायची माझी इच्छा नाही. माणूस आता बरं आहे, तेवढं पुरे. त्या दिवसांत लेखाचा विचारही मनात येत नव्हता, आणि रात्री कधी आलाच तर वाटायचं, एवढ्या दिवसांनी कोण वाट बघत असणार. एक दिवस एक पत्र आलं. आधी कधी न लिहिलेल्या व्यक्तीचं. 'बरेच दिवसांत लेख नाही. सगळं ठीक असेल अशी आशा. घाई नाही.' खाली नाव, आणि नावाखाली एक ओळ: 'अनेक वर्षं वाचते, कधी लिहिलं नव्हतं.'

ही ओळ वाचली आणि 'आभार कुणाचे' या प्रश्नाचं उत्तर मला एकदम मिळालं. जे लिहितात, बोलतात, भेटल्यावर आवर्जून सांगतात, त्यांचे आभार मी त्या-त्या वेळी मानते. ज्यांना कधी सांगता येत नाही असे, वर्षानुवर्षं काही न बोलता वाचणारे, त्यांचे राहून जातात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानमध्ये बिशप अँब्रोज वाचत बसलेले असत, त्याचं वर्णन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात करून ठेवलं आहे. डोळे पानावरून फिरत, मन अर्थ शोधत असे, पण आवाज नाही आणि जीभही हलत नाही. भेटायला आलेली माणसं तिथे येऊन बसत, त्यांना त्रास द्यायचा धीर होत नसे, आणि थोड्या वेळानं ती गुपचूप उठून जात. मनातल्या मनात वाचणाऱ्या माणसाचं इतकं जिवंत चित्र मला दुसरीकडे मिळालेलं नाही. पण ते पाहणारा पाहुणा होता. लिहिणाऱ्याला तेवढंही भाग्य नसतं. माझा लेख वाचताना तुमच्या कपाळाला आठी पडली की ओठ जरासे हलले, कुठल्या ओळीपाशी तुम्ही मान वर करून क्षणभर बाहेर पाहिलंत, हे कुणी मला सांगितलं तर मी त्यासाठी काय वाटेल ते देईन. आणि तरी, तुम्ही ते सांगावं अशी माझी अपेक्षा नाही. वाचल्यावर काहीतरी बोललंच पाहिजे असा दबाव वाचकावर येऊ नये. काही गोष्टी मनात राहिल्या तरच वाढतात. ज्याला बोलावंसं वाटत नाही त्याच्या न बोलण्याचा मला पूर्ण आदर आहे.

जुन्या काळी आभार मानायची एक देखणी रीत होती. इंग्रज कवी अलेक्झांडर पोप यांनी होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्याचं इंग्रजी भाषांतर वर्गणीदारांच्या जोरावर काढलं. १७१५ साली पहिला खंड आला तेव्हा आगाऊ पैसे भरणाऱ्या पाचशेहून अधिक जणांची नावं त्यात छापलेली होती. ज्यांच्या भरवशावर लिहिलं त्यांची नावं पुस्तकातच. मला ही कल्पना फार आवडते, आणि जमलं असतं तर मीही तुमची यादी छापली असती. पण त्या यादीत पैसे भरणारेच होते. ज्यानं ते पुस्तक कुणाकडून मागून आणून वाचलं, ज्यानं शेजारी बसून ऐकलं, त्याचं नाव कुठे आलं नाही. माझ्या यादीतही नेमक्या ज्यांच्यासाठी हे लिहिते आहे तेवढ्याच माणसांच्या जागा कोऱ्या राहतील.

संख्येबद्दलही एक सांगायचं आहे, कारण वर्षअखेर आली की वाचक किती वाढले हे विचारणारं कुणीतरी भेटतंच. एमिली डिकिन्सन यांच्या जवळपास अठराशे कविता आहेत. त्यांच्या हयातीत त्यातल्या अगदी मोजक्या छापल्या गेल्या. १८८६ साली त्या गेल्या, आणि हस्तलिखितांचा साठा बहिणीच्या हाती लागला. पण त्या वाचकाविना लिहीत होत्या असं म्हणणं बरोबर नाही. शेजारच्या घरात राहणाऱ्या आपल्या भावजयीला, सुझनला, त्यांनी अडीचशेहून जास्त कविता पाठवल्या होत्या. एक मन लावून वाचणारं माणूस शेजारी होतं. एवढ्या मोठ्या कवयित्रीला ते पुरलं, निदान लिहीत राहण्यापुरतं तरी पुरलं. मला त्यांच्याशी तुलना करायची नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की माझ्या वाट्याला एकाहून खूप जास्त आले, आणि या जास्तीची मला रोज जाणीव असते.

तर, ज्यांनी लिहिलं आणि ज्यांनी कधीच लिहिलं नाही, ज्यांना पटलं आणि ज्यांना मुळीच पटलं नाही, ज्यांनी स्वतः वाचलं आणि ज्यांना कुणीतरी वाचून दाखवलं, त्या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानते. माझ्यासाठी थांबलात त्याबद्दल. मी थांबले तेव्हा वाट पाहिलीत त्याबद्दल.

आता सुट्टीतले बेत. पुढचे काही दिवस मी लिहिणार नाही, वाचणार आहे. तुमची काही पत्रं उत्तराची वाट पाहत पडली आहेत, ती सगळ्यांत जुन्यापासून हातावेगळी करायची आहेत. ज्यांनी बायकोच्या पत्रांबद्दल लिहिलं त्यांनी एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून नव्या वर्षातला पहिला लेख त्यावरच येईल. त्याचा कच्चा खर्डा झाला आहे. काल तो मी मोठ्यानं वाचून पाहिला, आणि जिथे जिथे श्वास पुरला नाही तिथे पूर्णविराम दिले. आईंना रात्री वाचून दाखवणाऱ्या बाईंनी तो वाचून बघावा आणि अजून कुठे दम लागतो ते मला कळवावं.